पढविलेले उत्तर

उत्तरपत्रिका तपासण्यात ज्यांची पंचवीस-तीस वर्षे गेली, त्यांस स्वतः विचार करून लिहिलेले उत्तर कोणते व पाठ केलेले कोणते, हे दोन ओळींत ओळखू येते. या विद्येचा महाविद्यालयाबाहेरही उपयोग आहे, हे आम्हांस अलीकडेच कळून आले.

आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीचा संसार मोडला. ती अमरावतीस, पती अकोल्यास, आणि सात वर्षांचा मुलगा दर पंधरवड्यास बडनेऱ्याहून गाडीने अकोल्यास जाणारा. "काय रे, तिकडे करमते का?" असे आम्ही सहज विचारले, तो म्हणाला, "बाबा बेजबाबदार आहेत." वाचकहो, जीभ मुलाची होती, शब्द मात्र थोरांचा होता!

समजत्या मुलाची पसंती विचारात घेण्याची मुभा न्यायाधीशास १८९० च्या पालक व पाल्य कायद्याने दिली आहे. पण पसंती कोणती व पढवणूक कोणती, हे कलम कसे सांगणार? १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याने समुपदेशकांची योजना केली आणि वैद्यकीय व कुटुंबकल्याणाच्या तज्ज्ञांचे साहाय्य घेण्याची वाट मोकळी केली, ती अशा वेळी उपयोगी पडते. जाणता तज्ज्ञ आईबापांशी निरनिराळे बोलतो, मुलास एकट्यास भेटतो. 'तुला कोण हवे?' या प्रश्नापेक्षा, ताप आला म्हणजे उशाशी कोण बसते, डबा कोण भरते, हे प्रश्न त्यास अधिक सांगून जातात.

एका पालकाजवळ राहणाऱ्या मुलाचे मन दुसऱ्याविषयी कलुषित होऊ शकते, याची दखल सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली एका निकालात घेतली. परंतु मुलाची प्रत्येक तक्रार पढविलेलीच, असे धरून चालणे तितकेच घातक होय. मार खाल्लेले मूलही 'मला तिकडे जायचे नाही' असेच म्हणते. वाक्य एकच, त्यामागील भय खरे की शिकविलेले, हे एका तासाच्या भेटीत कळावे कसे? तीन तासांच्या परीक्षेत विद्यार्थी पुरता कळत नाही, हे आम्ही जाणतो. म्हणून पुनःपुन्हा भेटून लिहिलेल्या अहवालासच आम्ही मोल देऊ. आणि तोही न्यायाधीशाचा साहाय्यक, निकाल नव्हे.

आईबापांनी एवढे ध्यानी धरावे, की ही परीक्षा मुलाची नसून त्यांची आहे. पेपराच्या आदल्या रात्री आपले उत्तर लेकराकडून पाठ करून घेणे, हे कोणत्याही परीक्षेत गैरच मानले जाते.