सुरू होतंय, या!

तुमच्याही घरी कधीकाळी व्हीसीडी प्लेअर होता का? मग डिस्क आत गेल्यावर काय व्हायचं ते आठवून बघा. आधी निळा पडदा, मग काळा, आणि मग कंपनीचा लोगो! चकचकीत अक्षरं लांबून गरगर फिरत यायची, त्यांच्यावरून उजेडाची तिरीप सरकायची आणि झणकन सूर वाजून ती जागेवर बसायची.

जबलपूरच्या आमच्या घरात ती शाळेची घंटाच होती. सूर वाजला की आजोबा हाक मारायचे, “सुरू होतंय, या!”

मराठी सिनेमा आमच्याकडे यायचा तो मामाच्या पिशवीतून. नागपूरहून येताना तो सीताबर्डीवरून डिस्क आणायचा. 2007च्या सुमारास मोझर बेअर कंपनी 28 रुपयांत व्हीसीडी आणि 34 रुपयांत डीव्हीडी विकायला लागली, तेव्हा तर पिशवीत संत्राबर्फीपेक्षा डिस्कच जास्त असायच्या. शेमारू, अल्ट्रा, ईगल, टी-सिरीज, प्रत्येकाचा लोगो वेगळा. यातली शेमारू तर 1962मध्ये मुंबईत पुस्तकं भाड्याने देणारी लायब्ररी म्हणून सुरू झाली आणि 1979मध्ये व्हिडिओ कॅसेट भाड्याने द्यायला लागली. आजोबांना लोगोचं भारी कौतुक. म्हणायचे, “नाव लावून विकतात, म्हणजे माल चोरीचा नाही.”

एका व्हीसीडीत जेमतेम सव्वा तासाचा सिनेमा मावायचा. म्हणून एका सिनेमाच्या दोन डिस्क, आणि लोगोही दोनदा.

मी तेव्हा सात-आठ वर्षांची असेन. एकदा कंटाळून रिमोटने लोगो पुढे ढकलला. आजोबांनी शांतपणे रिमोट घेतला आणि डिस्क पुन्हा पहिल्यापासून लावली. “तुझी आई अजून आली नाही,” एवढंच म्हणाले. मला राग आला होता.

आता आजोबा नाहीत, प्लेअरही नाही. मोबाइलवर लोगो आला की आपला अंगठा आपोआप ‘स्किप’कडे जातो.

परवा रविवारी मी टीव्हीवर ‘अशी ही बनवाबनवी’ लावला. आई शेजारीच बसली होती. पहिलाच प्रसंग बघून म्हणाली, “अगं, हा असा सुरू होतो?”

मी बघतच राहिले. या सिनेमाचे संवाद तिला तोंडपाठ आहेत. पण हाक ऐकून ती कुकर उतरवणार, ओटा पुसणार, हात कोरडे करणार, तोवर दहा मिनिटं उलटलेली असायची. दुसऱ्या डिस्कची सुरुवात मात्र तिला पक्की आठवते. तेव्हा सगळ्यांना चहा देऊन ती बसलेली असायची.

आजोबा तिच्यासाठी लोगोपुरते थांबायचे, हे खरं. पण उठून स्वयंपाकघरात जायला आमच्यातलं कुणी तयार नव्हतं. मीही नाही.

आता रविवारी ओटा मी आवरते, चहाही मीच टाकते. रिमोट आईकडे असतो. ती लोगो पुढे ढकलत नाही. उलट स्वयंपाकघराकडे बघून मोठ्याने हाक मारते, “सुरू होतंय, ये!”

तुमच्या घरी सिनेमाची सुरुवात कुणाची राहून गेली आहे? आज विचारून बघा.