गजबजलेली नगरी

मेक्सिको देशाच्या राजधानीचे नावही मेक्सिकोच. समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवर, डोंगरांनी वेढलेल्या एका विस्तीर्ण खोऱ्यात ही नगरी वसली आहे. आपले महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंच आहे. त्याच्याही कितीतरी वर असलेले हे गाव थंड नि निवांत असेल, अशा समजुतीने कोणी तेथे गेला, तर पहिल्याच दिवशी त्याची फसगत होईल. शहर नि त्याची उपनगरे मिळून तेथे दोन कोटींहून अधिक माणसे राहतात.

शहराच्या मध्यभागी 'सोकालो' नावाचा प्रचंड चौक आहे. तेथे मी सकाळी जाऊन उभा राहिलो. फुगेवाले, बूटपॉलिशवाले, मक्याच्या भाकऱ्या विकणाऱ्या बाया यांच्या आरोळ्यांनी कान भरून गेले. मध्येच खाकी पोशाखातला एक वादक हाताने दांडा फिरवून आपली सुरांची पेटी वाजवीत होता. जवळच्या बाजारात तऱ्हेतऱ्हेच्या मिरच्यांचे ढीग रचलेले होते. फळांच्या फोडींवर लिंबू पिळून, तिखटमीठ भुरभुरून लोक त्या मिटक्या मारीत खात होते. ते पाहून मला आपल्या शाळेच्या फाटकाबाहेरची कैरी आठवली. पण मिरची मूळची तिकडचीच! पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती आपल्याकडे आली नि आपल्या स्वयंपाकघराची मालकीण होऊन बसली.

१९६९ साली येथे भुयारी रेल्वे सुरू झाली. तिच्या प्रत्येक स्थानकाला नावाबरोबर एक चित्रही दिलेले आहे. चापुल्तेपेक या शब्दाचा अर्थ नाकतोड्यांची टेकडी. म्हणून त्या स्थानकाचे चिन्ह नाकतोडा. ज्यांना अक्षरओळख नाही, त्यांनाही आपले स्थानक ओळखता यावे, हा यातील हेतू. एवढ्या गर्दीतही निरक्षर माणसाची कोणीतरी आठवण ठेवली, याचे मला फार कौतुक वाटले.

या नगरीच्या पायाखाली मात्र एक सरोवर दडलेले आहे. १३२५ च्या सुमारास अस्तेक लोकांनी त्या सरोवरातील बेटावर आपली राजधानी वसविली. १५२१ मध्ये स्पॅनिश लोकांनी ती जिंकली, नि पुढे हळूहळू सरोवराचे पाणी काढून टाकले. आज शहर त्या तळाच्या मऊ मातीवर उभे आहे. लक्षावधी लोकांची तहान भागविण्यासाठी जमिनीखालचे पाणी सतत उपसले जाते, त्यामुळे माती दबते नि शहर खचत जाते. १९१० साली उभारलेल्या स्वातंत्र्यस्तंभाभोवतालची जमीन इतकी खाली गेली, की त्याच्या पायथ्याशी चौदा पायऱ्या नव्याने जोडाव्या लागल्या.

अशा भुसभुशीत भूमीवर भूकंपाचे हादरे अधिकच तीव्र होतात. १९ सप्टेंबर १९८५ रोजी झालेल्या भूकंपात हजारो माणसे प्राणास मुकली. पुढे २०१७ साली, नेमक्या त्याच तारखेला, धरणी पुन्हा हादरली. जुनी पुस्तके विकणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांनी मला त्या दिवसांची हकीकत सांगितली. इमारती कोसळताच विद्यार्थी, कामगार, गृहिणी, जो तो धावला. लोकांनी रांगा करून हातोहात दगड-विटा बाहेर काढल्या. मग मध्येच मदत करणारा एखादा जण मूठ वर करी. ती पाहून शेजारचा मूठ वर करी, नि पाहता पाहता शेकडो मुठी आकाशाकडे उचलल्या जात. त्या खुणेचा अर्थ एकच : शांत राहा! यंत्रे थांबत, बोलणे थांबे, लोक श्वास रोखून उभे राहत. कारण ढिगाऱ्याखालून एखादी क्षीण हाक येत असेल, तर ती ऐकू आली पाहिजे.

हे ऐकून बाहेर आलो, तेव्हा रस्त्यावर तोच कोलाहल चालला होता. पण तो आता मला कर्कश वाटला नाही. गर्दी म्हणजे केवळ धक्काबुक्की नव्हे. एका अनोळखी जिवासाठी एका क्षणात मौन धरण्याचे सामर्थ्यही तिच्यात असते.