नायकमणी

गेल्या आषाढात उजव्या अंगठ्यास कंप सुटला आणि रद्दीच्या कागदाचे मणी वळताना ज्या एका अडचणीशी मी तीस वर्षे कसाबसा तह राखून होते, तो तह मोडला. १८ इंच लांबीची, दोन्ही अंगांनी सारखी निमुळती होत जाणारी पट्टी सुईभोवती गुंडाळत नेली, की तिचे टोक मण्याच्या पोटावर ऐन मध्यावर येऊन बसावे, एवढेच मागणे. परंतु पहिल्या वेढ्यात केसभर ढळलेली धार शेवटपर्यंत दडून राहते आणि मग सबंध मणी कलत्या पागोट्यासारखा दिसू लागतो.

पुष्कळ वर्षे मी हा दोष कागदाच्या नावे मांडला, आणि तो आरोप अगदीच बिनबुडाचा नव्हता. गिरणीच्या कागदातले तंतू यंत्राच्या ओघाबरोबर एका दिशेस निजलेले असतात; सुई त्यांस समांतर धरली तर वेढा निमूट बसतो, आडवी धरली तर उसळतो. हातकागदास अशी ठाम दिशा नसते, म्हणून १९४० साली पुण्यात स्थापन झालेल्या हातकागद संस्थेच्या कागदाची कातरणे मी कोण अपूर्वाईने जमवीत असे. एकदा जुन्या कीर्दीची पाने हाती आली. त्यांचे मणी वळले तेव्हा समासाजवळचे चार आकडे तेवढे वर राहिले, बाकी सारा जमाखर्च पोटात गेला. तेही मणी कललेच.

हल्ली ‘टाकाऊतून टिकाऊ’ म्हणून खपणारे कित्येक मणी कोऱ्या रंगीत कागदाचे असतात आणि त्यांवर चढवलेल्या काचेसारख्या थराखाली कागद होता की प्लास्टिक, याचा दाखला कोणी मागत नाही. मी खळीत मोरचूद घालते आणि वर स्पिरिटात विरघळवलेल्या चपड्याचे हात देते. दमट हवेत तो पांढुरका पडतो, हे मुकाट्याने कबूल करते.

शिकावयास येणारी शेजारची मुलगी महिनाभर माझे हात न्याहाळून म्हणाली, “आजी, तुम्ही पट्टी ओढता. नुसती सुई फिरवा ना.” तिचे टोक पहिल्याच आठवड्यात मध्यावर बसू लागले होते.

मार्गशीर्षातल्या प्रदर्शनात मी मांडलेल्या माळेचा नायकमणी तिने वळलेला होता. एका बाईंनी तो बोटांवर फिरवून विचारले, “हा तुमच्याच हातचा ना?” मी मान डोलावली. मुलगी शेजारीच दोरा ओवीत बसली होती. तिने वर पाहिले नाही.