आजाराचा रकाना

आमच्या लहानपणी ‘विमा’ हा शब्द घरात हलक्या आवाजात उच्चारला जाई. विमा म्हणजे माणूस गेल्यावर बायकामुलांच्या हाती पडायचे पैसे, एवढाच त्याचा अर्थ आम्हांला ठाऊक होता. विम्याचा एजंट ओटीवर येऊन बसला, की आजी देवापाशी निरांजन लावी आणि तो उठून जाईपर्यंत कोणाशी बोलत नसे. आजारपणाचाही विमा उतरवता येतो हे आम्हांला फार उशिरा कळले. १९८६ साली सरकारी विमा कंपन्यांनी ‘मेडिक्लेम’ काढला, तो आमच्या बिऱ्हाडापर्यंत पोचायला आणखी दहा वर्षे गेली. तोवर आजारपणाचा विमा म्हणजे शेजारी. एक जण रिक्षा घेऊन येई, दुसरा रात्री उशाशी बसे, तिसऱ्याच्या घरून मऊ भात येई, आणि पैसे कमी पडलेच तर एखादे काका न मागता पाकीट पुढे करीत.

हा सगळा शेजार मागे ठेवून मुले परदेशी शिकायला जातात, आणि तिथे त्याची जागा एक कागद घेतो. त्या कागदाकडे आपण किती दुर्लक्ष करतो, हे माझ्या धाकट्या भाचीच्या वेळी मी जवळून पाहिले.

तिला अमेरिका, इंग्लंड आणि जर्मनी अशी तीन ठिकाणची बोलावणी होती. आमचे भाऊजी बँकेत हिशेब तपासण्यात जन्म घालवलेले. त्यांनी लगेच वही काढून तीन रकाने पाडले. फी, भाडे, विमानाचे तिकीट, थंडीचे कपडे, इतकेच काय पण कुकरच्या दोन जादा रबरी रिंगासुद्धा वहीत आल्या. विमा सगळ्यांत शेवटी, पानाच्या तळाशी, पेन्सिलीने.

मला मात्र त्या तळाच्या ओळीतच गंमत वाटू लागली. एखादा देश पाहुण्या विद्यार्थ्याच्या आजारपणाकडे कसा पाहतो, यावरून त्या देशाचा स्वभाव कळतो. इंग्रजांचा कारभार सरळ. व्हिसाचा अर्ज करतानाच सगळ्या वर्षांचा आरोग्य-अधिभार एकरकमी मोजून घ्यायचा, आणि मग त्यांच्या सरकारी आरोग्यसेवेचे दार तिथल्या रहिवाशाइतकेच तुम्हांलाही उघडे. ही सेवा ५ जुलै १९४८ रोजी सुरू झाली. विद्यार्थ्यांसाठीचा अधिभार २०२४ च्या फेब्रुवारीत वर्षाला ४७० पाउंडांवरून एकदम ७७६ वर नेण्यात आला. हा आकडा पाहून भाऊजींनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा तोच आकडा वाचला.

अमेरिकेचे प्रकरण वेगळे. आपली बहुतेक मुले ज्या ‘एफ-१’ व्हिसावर जातात, त्यासाठी तिथल्या केंद्र सरकारची विम्याची सक्ती नाही. पण विद्यापीठांची सहसा असते. पुष्कळ विद्यापीठे आपली योजना परस्पर फीच्या बिलात लावतात. वर्षाचा हप्ता दोन-तीन हजार डॉलर, कित्येक ठिकाणी त्याहूनही जास्त. नको असेल तर तेवढाच भक्कम दुसरा विमा दाखवून ठरल्या तारखेच्या आत सूट मागायची, आणि तीही सगळीकडे मिळत नाही. शिवाय हप्ता भरला म्हणजे सुटलो असे नव्हे. आधी अमुक डॉलरपर्यंतचा खर्च तुमचा, याला ते ‘डिडक्टिबल’ म्हणतात. त्यानंतरच्या खर्चातही तुमची टक्केवारी. आणि यादीबाहेरच्या डॉक्टरकडे गेलात तर हिशेब निराळा. ‘जे-१’ व्हिसावाल्यांना मात्र सरकारचेच नियम आहेत : दर आजाराला वा अपघाताला निदान १,००,००० डॉलरचे संरक्षण, उपचारासाठी मायदेशी हलवावे लागल्यास ५०,०००, आणि पार्थिव परत पाठवण्यासाठी २५,०००. ही शेवटची अट भाऊजी मोठ्याने वाचीत होते. अक्का भाजी निवडता निवडता उठली आणि आत गेली. त्यांनी पुढचे मनात वाचले.

अक्काच्या मनात काय आले ते मला कळले. भाचीला लहानपणापासून दमा. पावसाळ्यात किती रात्री अक्काने तिला उशांच्या उतरंडीला टेकवून बसवल्या, आणि मी पाणी तापवीत जागले! मोठेपणी तो पुष्कळ मवाळला. पण पर्समध्ये इनहेलर असतोच.

अशा वेळी आनंदीबाई जोशी आठवल्याखेरीज कशा राहतील? अठरा वर्षांची ती मुलगी १८८३ च्या जूनमध्ये अमेरिकेत उतरली. तिच्या पाठीशी विमा नव्हता, होत्या कार्पेंटरबाई. कधी न पाहिलेल्या या मुलीला त्यांनी घरात घेतले, आणि ती त्यांना मावशी मानी. तरीही फिलाडेल्फियाच्या थंडीत तिची प्रकृती ढासळत गेली. १८८६ मध्ये डॉक्टर होऊन ती परतली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात गेली. योगायोग पाहा : ज्या जूनमध्ये ती अमेरिकेच्या किनाऱ्याला लागली, त्याच जूनमध्ये जर्मनीत बिस्मार्कने कामगारांसाठी सक्तीच्या आजार-विम्याचा कायदा करून घेतला. त्याच कायद्याच्या वंशातला विमा पुढे माझ्या भाचीच्या वाट्याला आला.

कारण शेवटी जर्मनी ठरले. तिथे वर्षाच्या खर्चाची रक्कम आधीच गोठवलेल्या खात्यात ठेवावी लागते. २०२४ च्या सप्टेंबरपासून ती ११,९०४ युरो झाली. आणि विम्यावाचून विद्यापीठ नावच नोंदवून घेत नाही. तिशीच्या आतल्या विद्यार्थ्याला सार्वजनिक आजार-विमा मिळतो. भाची गेली तेव्हा त्याचा हप्ता महिन्याला साधारण १४० युरो होता. तो घेताना तुम्हांला पूर्वी काय झाले होते, असे कोणी विचारीत नाही.

इथे तो एजंट आला. मोठा गोडबोल्या गृहस्थ. खाजगी विमा जवळजवळ निम्म्या हप्त्यात मिळतो, म्हणाला. दोन वर्षांची बचत दीड लाखाच्या आसपास! भाऊजींचा हात थेट लेखणीकडे गेला. अर्ज सरसर भरत आणला, आणि मध्येच एका रकान्याशी लेखणी थांबली. गेल्या काही वर्षांत कोणत्या आजारावर उपचार घेतले?

“नाही म्हणून लिहा,” एजंट म्हणाला. “आता कुठे आहे दमा? कोण तपासायला बसलंय?”

मी अक्काकडे पाहिले. ती सहसा व्यवहारात बोलत नाही. तिने अर्ज ओढून घेतला, नीट घडी घातली आणि एजंटाच्या पुढ्यात ठेवला. “साहेब, धाप लागेल तेव्हा ती खोटी असणार नाही,” एवढेच म्हणाली. चहा मात्र तिने त्याला दिला.

मागाहून भाचीने नियम शोधून काढला तो असा : शिक्षणाच्या आरंभी सार्वजनिक विम्यातून एकदा सूट घेतली, की ते शिक्षण संपेपर्यंत पुन्हा त्यात शिरता येत नाही. म्हणजे बचत आजची आणि दार बंद कायमचे. खाजगी विमा वाईटच असतो असे मला म्हणायचे नाही. तिशी ओलांडलेल्यांना, किंवा नुसत्या भाषावर्गाला गेलेल्यांना, विद्यार्थ्यांचा तो हप्ता मिळतच नाही. त्यांना बहुधा खाजगीचाच रस्ता धरावा लागतो. त्यांनी आधीपासूनचे आजार आणि वगळलेले उपचार एवढी दोन कलमे तरी घरी बसून वाचावीत. ही कलमे बारीक अक्षरांत का छापतात, हे सांगायला पंडित नको.

२०२४ च्या ऑक्टोबरात भाची गेली. जानेवारीत एका रात्री तिला जोराची धाप लागली. वसतिगृहातल्या शेजारणीने ११२ ला फोन केला. आम्हांला कळले तिसऱ्या दिवशी, तेही तिचा आवाज ठीक झाल्यावर. चार दिवस इस्पितळात होती. इस्पितळाच्या दिवसाला १० युरो हा रोग्याचा वाटा. असे ४० युरो तिने भरले. औषधांचे वेगळे, दर औषधामागे ५ ते १०. भाऊजींनी ते ४० वहीत मांडले, समोर निम्म्या हप्त्याची बचत लिहिली, आणि मग ती ओळ खोडून टाकली.

शेजारण कोण, हे अक्काने तीनतीनदा विचारले. ती तुर्की मुलगी निघाली. रात्रभर इस्पितळात बसून होती, कोणत्याही कलमात नसताना.

हा विमाही सगळे देतो असे नाही. मोठ्या माणसाचा साधा चष्मा तो देत नाही, आणि भाचीने परवाच चष्म्यावर बसून त्याच्या दोन्ही काड्या मोडल्या. नवा लक्ष्मी रोडवर करून घेतला आहे. कोणी ओळखीचे निघाले आहेत, त्यांच्याबरोबर तो जाईल; सोबत चिवडा आणि चकल्या. चकल्यांचे डबे अक्काने दोन केले आहेत, एक त्या तुर्की मुलीचा.