मॉरिशसमधील एक संकष्टी

हिंदी महासागरांत मादागास्करच्या पूर्वेस जें एक लहानसें हिरवें बेट आहे, त्याचें नांव आमच्या वाचकांस अपरिचित नसेल. उंसाच्या मळ्यांवर राबण्याकरितां १८३४ पासून हिंदुस्थानांतून जे लाखों लोक मॉरिशसला नेण्यांत आले, त्यांत मुंबई बंदरांतून निघालेले रत्नागिरी-सावंतवाडीकडचे मराठी लोकही होते. त्यांचे वंशज गणेशचतुर्थी मोठ्या थाटानें पाळतात, व त्या दिवशीं सर्व देशास सुट्टी असते. अशा या बेटावर नोव्हेंबर २००९ मध्यें आम्हांस आठ दिवस राहण्याचा योग आला. बरोबर आमच्या मातोश्री होत्या. त्यांचें वय तेव्हां एक्याऐंशी वर्षांचें होतें.

पोर्ट लुई येथें आप्रवासी घाट पाहिला. येथील सोळा दगडी पायऱ्या चढूनच मजुरांनीं या भूमींत प्रवेश केला. मातोश्रींनीं एका पायरीस हात लावून तो कपाळास लावला व पुष्कळ वेळ त्या कांहीं बोलल्या नाहींत. तेथून आम्ही पश्चिमेकडील कास्कावेल गांवीं गेलों. मराठी वस्तीबद्दल हें गांव प्रसिद्ध आहे. एका निवृत्त शिक्षकांच्या घरीं आमचा मुक्काम होता. अंगणांत तुळस, देव्हाऱ्यांत गजानन, आणि घराच्या सभोंवतीं दृष्टि पोंचेल तेथवर ऊंस, असें तें घर होतें.

५ नोव्हेंबर रोजीं संकष्टी चतुर्थी आली. मधुमेहामुळें उपास करूं नये असें डॉक्टरांनीं बजावलें होतें. परंतु पन्नास वर्षांचा नेम परक्या देशांत मोडावयास मातोश्री तयार नव्हत्या. पुण्याचा चंद्रोदय येथें उपयोगी नाहीं हें ओळखून आमच्या पुतण्यानें निघण्यापूर्वींच संगणकावर मॉरिशसचा चंद्रोदय काढून चिठ्ठीवर लिहून दिला होता : रात्रीं सव्वादहा.

नऊ वाजतां मातोश्रींचे हात थरथरूं लागले. आम्हीं थोडें दूध घेण्याविषयीं विनविलें. त्यांनीं मान हलविली. अजून सव्वा तास कसा निभावेल या चिंतेंत आम्ही अंगणांत येरझारा घालीत होतों. इतक्यांत नऊ वाजून वीसएक मिनिटांनीं समोरच्या डोंगराच्या कडेवर उजेड पसरला, आणि पाहतां पाहतां तांबूस चंद्र वर आला. मातोश्री म्हणाल्या, "अरे, तुझा कागद म्हणतो अजून तास आहे. आतां चंद्र चुकला कीं कागद?" अर्घ्य झालें, मोदक पानांत पडला, आणि आमच्या जिवांत जीव आला.

जेवणानंतर यजमानांनीं उलगडा केला. विजेची बचत व्हावी म्हणून सरकारनें २६ ऑक्टोबर २००८ रोजीं देशांतील घड्याळें एक तास पुढें केलीं, व २९ मार्च २००९ रोजीं तीं पुन्हां मागें आणलीं. असाच प्रयोग १९८२-८३ मध्येंही झाला होता. यजमानांच्या पत्नी म्हणाल्या, "मार्चांत घड्याळांत सात वाजून गेले तरी सूर्य उगवत नसे. मुलांना अंधारांत उठवून शाळेला धाडायचें म्हणजे जिवावर येई." बचत अपेक्षेइतकी झाली नाहीं, आणि पुढच्या उन्हाळ्यापासून ही पद्धत सोडून देण्याचें ठरलें. पुण्याच्या संगणकास मात्र हा निर्णय कोणीं कळविला नव्हता. ऑक्टोबरचा शेवटचा रविवार येतांच त्यानें मॉरिशसची वेळ आपल्या मनानें एक तास पुढें नेली.

याचें कारण जाणण्यासारखें आहे. जगांतील बहुतेक संगणक एका सामायिक नोंदवहीवर विसंबून असतात. ऑल्सन नांवाच्या अमेरिकन गृहस्थानें १९८० नंतरच्या दशकांत ती आरंभिली, आणि तेव्हांपासून स्वयंसेवक ती सांभाळीत आले आहेत. कोणत्या प्रदेशाची वेळ ग्रीनिचच्या किती पुढें वा मागें, आणि ती केव्हां बदलली, याच्या ओळी तींत असतात. एखाद्या देशानें उन्हाळी वेळ रद्द केली कीं, ती ओळ खोडावयाची नसते. 'दरवर्षीं' याच्या जागीं 'अमुक सालापुरतें' एवढेंच करावयाचें असतें. मग ती दुरुस्ती यंत्रें बनविणाऱ्यांकडे आणि त्यांच्याकडून घरोघरीं पोंचते. मध्यें एक कडी निसटली तरी घड्याळ जुन्याच कायद्यानें चालतें. सरकारांनीं असे निर्णय कांहीं महिने आधीं जाहीर करावेत, असें नोंदवही सांभाळणारे कळकळीनें सांगतात, तें याकरितांच. इजिप्तनें २०१६ च्या जुलैंत सुरू व्हावयाची उन्हाळी वेळ ऐनवेळीं रद्द केली, तेव्हां इतरांसही हाच अनुभव आला.

पण ओळ खोडावयाची कां नाहीं? याचें उत्तर मातोश्रींनींच दिलें. त्या म्हणाल्या, "लढाईच्या दिवसांत आपल्याकडेही घड्याळ तासभर पुढें होतें. माझ्या धाकट्या भावाची पत्रिका मांडतांना जोशीबुवांनीं आधीं तो तास वजा केला होता." गोष्ट खरी आहे. सप्टेंबर १९४२ पासून ऑक्टोबर १९४५ पर्यंत हिंदुस्थानची वेळ ग्रीनिचच्या साडेसहा तास पुढें होती. त्या काळांतील जन्मवेळ आजच्या हिशेबानें घेतली, तर सुमारें दोन तासांचें लग्न सहज बदलून जाईल. पत्रिकेवर कोणाचा विश्वास असो वा नसो, जन्ममृत्यूच्या दाखल्यांस आणि कोर्टाच्या कागदांसही हाच न्याय लागू आहे. कायदा रद्द झाला, तरी त्या कायद्याखालीं गेलेला काळ रद्द होत नाहीं.

आम्हां मुंबई इलाख्यांतील लोकांस हें नवें वाटूं नये. १९०६ सालीं देशाची एक प्रमाणवेळ ठरली, तरी ग्रीनिचच्या चार तास एकावन्न मिनिटें पुढें असणारी 'मुंबई वेळ' या शहरांत कित्येक ठिकाणीं १९५५ पर्यंत चालूच होती. एकोणचाळीस मिनिटांकरितां लोक पन्नास वर्षें अडून राहिले!

दुसऱ्या दिवशीं पुतण्यास ही हकीकत कळविली. त्यानें संगणक दुरुस्त केला व आजीची क्षमा मागितली. मातोश्री पुढें चार वर्षें होत्या. परगांवीं संकष्टी आली म्हणजे चिठ्ठी त्या घेत खऱ्या. पण रात्रीं नऊच्या आधींच खुर्ची अंगणांत मांडावयास सांगत, आणि पूर्वेकडे तोंड करून बसत.