न वाजणारी झडप

यंत्रांचे आणि माझे कधीच सूत जमले नाही. सायकलची उतरलेली साखळी बसवायला घेतली की माझे हात तेवढे काळे होतात आणि साखळी जिथल्या तिथे राहते, हा माझा लौकिक आमच्या आळीत सर्वमान्य आहे. वर्गात मी कर्मणी प्रयोग तासभर समजावून देऊ शकतो. पण घरातला मिक्सर बंद पडला की हाक मला जात नाही, शेजारच्या नववीतल्या मुलाला जाते. असा मी यंदाच्या जून महिन्यात डेट्रॉइट शहराजवळच्या एका गराजमध्ये मोटारीच्या पोटात डोके घालून उभा होतो, हे सांगितले तर आमच्या प्राध्यापक-खोलीतली मंडळी ती शुद्ध थाप समजतील.

गाडी माझ्या धाकट्या भावाची. वीस वर्षे तो तिकडे आहे; मोटारींच्याच धंद्यात इंजिनीअर. गाडी १९७७ सालची, फियाट १२४ स्पोर्ट स्पायडर. लाल रंगाची, कापडी टप मागे सारला की डोक्यावर थेट आकाश. ही जात पहिल्यांदा लोकांसमोर आली ती १९६६ साली, तुरिनच्या प्रदर्शनात. तिचे इंजिन आउरेलिओ लाम्प्रेदी यांचे. हे गृहस्थ आधी फेरारीच्या शर्यतीच्या गाड्यांची इंजिने रचीत. पुढे ते फियाटमध्ये आले आणि नोकरदार माणसाला परवडेल अशा गाडीतही त्यांनी झडपांच्या डोक्यावर दोन-दोन कॅमशाफ्ट बसविले. ही सारी माहिती भावाने मला विमानतळावरून घरी जाता जाताच दिली. मी मात्र गाडीच्या नाकावरचे 'फियाट' हे नाव पाहून हळवा झालो होतो.

कारण आमच्या वडिलांची प्रीमियर पद्मिनी होती. कुर्ल्याच्या कारखान्यात जन्मलेली, इटलीच्या फियाट ११००ची ही आपल्याकडची लेक. तिचे टॅपेट वाजू लागले की रविवारी सकाळी मिस्त्री घरी यायचे. वडील चहा सांगायचे, मी गॅलरीत पुस्तक उघडून बसायचो आणि धाकटा खाली बॅटरी धरून उभा राहायचा. त्याचे आयुष्य त्या बॅटरीच्या उजेडात ठरले, माझे त्या पुस्तकात. या वेळी इतक्या वर्षांनी बॅटरी माझ्या हातात आली.

मी गेलो होतो आईच्या आग्रहाखातर. तिचे गुडघे आता विमानप्रवासाला तयार नाहीत. धाकट्याचा दर रविवारी फोन येतो. पूर्वी त्या फोनमध्ये नुसती कुरकुर असे. बर्फ फार पडतो, साहेब कटकट्या आहे, इथल्या दुधाला चव नाही, भाजणी संपली. पण गेले सात-आठ महिने कुरकुर थांबली होती. "कसं काय?" विचारले की "मस्त! सगळं ठीक." आम्हांला बरे वाटले; मुलगा अखेर रमला म्हणायचा. आई तेवढी अस्वस्थ होती. "तो हल्ली तक्रार करत नाही रे," ती म्हणाली. मी हसलो. "आई, तक्रार नाही हीच तुझी तक्रार का?" ती हसली नाही. तिने भाजणीचा डबा माझ्या बॅगेत घातला आणि मला रवाना केले.

पोचल्यावर मलाही काही वावगे दिसले नाही. तो आनंदी होता. जरा जास्तच आनंदी होता. दुसऱ्याच शनिवारी म्हणाला, "दादा, टायमिंग बेल्ट बदलायचाय आणि व्हॉल्व्हही तपासायचेत. बॅटरी धरशील?"

मोटारीच्या इंजिनात खाली एक दांडा फिरतो, तो क्रँकशाफ्ट. पिस्टनांच्या वर-खाली होण्याने तो फिरतो. वर कॅमशाफ्ट फिरतात. ते झडपा उघडतात. खालच्याचे दोन फेरे झाले की वरच्याचा एक व्हायचा, हा हिशेब कधी चुकता कामा नये. पद्मिनीत हे नाते लोखंडी साखळीने बांधलेले असे. या गाडीत ते रबरी, दातेरी पट्ट्याने बांधलेले आहे. मी म्हटले, "साखळीपेक्षा हे बरं, नाही? आवाज नाही."

"तीच तर पंचाईत," तो म्हणाला. "साखळी सैल झाली की खुळखुळ वाजते, महिनोन्‌महिने सांगत राहते. पट्टा काही सांगत नाही. धावतोय धावतोय आणि एक दिवस तुटतो. मग उघडी झडप उघडीच राहते आणि खालून पिस्टन येऊन तिच्यावर आपटतो. सगळं इंजिन गेलं. म्हणून तो चांगला दिसत असला तरी मुदत संपली की बदलायचा. गाडी नुसती उभी असली तरी रबराचं वय होतंच."

रेडिएटर बाजूला निघाला. पुढचे झाकण निघाले. क्रँकची आणि दोन्ही कॅमचाकांची खूण आपापल्या खुणेसमोर आणून त्याने जुना पट्टा उतरविला. माझ्या डोळ्यांना तो अगदी धडधाकट दिसत होता. त्याने तो उलटा वाकवून दाखविला तेव्हा दात्यांच्या मुळाशी बारीक भेगा दिसल्या. नवा पट्टा बसला, स्प्रिंगने ताण घेतला. मग पाना लावून त्याने इंजिन हाताने सावकाश दोन पूर्ण फेरे फिरविले आणि पुन्हा खुणा ताडून पाहिल्या. "उलटं कधी फिरवायचं नाही," तो म्हणाला. "पट्टा एक दाता जरी सरकला तरी सगळं चुकतं." त्याचे हात पाहताना मला वडिलांच्या पूजेची आठवण झाली. तीच सावकाशी, तीच मोजदाद.

दुसऱ्या दिवशी झडपा. आठ झडपा, चार हवा-पेट्रोल आत घेणाऱ्या, चार जळलेला धूर बाहेर टाकणाऱ्या. प्रत्येकीच्या डोक्यावर टोपीसारखा टॅपेट, त्याच्यावर पोलादाची गोल चकती आणि चकती व कॅम यांच्यामध्ये एक फट. ही फट साधारण अर्ध्या मिलिमीटरची. मी आपला समजत होतो की फट म्हणजे दोष. घट्ट बसले ते चांगले. तसे नव्हते. इंजिन तापले की धातू फुगतो. गार असताना फट राखली नाही, तर तापल्यावर झडप पुरती मिटत नाही. धूर सोडणारी झडप जास्त तापते, म्हणून तिला फटही थोडी जास्त. चकत्या पाच शतांश मिलिमीटरच्या फरकाने मिळतात. फट कमी भरली की पातळ चकती घालायची, जास्त भरली की जाड.

तो फिलर गेजची पाती एकेका फटीत सरकवीत होता आणि आकडे सांगत होता. मी ते वहीत मराठी अंकांत लिहीत होतो. सहा झडपा ठीक निघाल्या. एकीची फट जास्त होती. "हीच टकटक करत होती," तो म्हणाला. मी म्हटले, "म्हणजे बिघडलेली हीच."

"नाही दादा. वाजणारीची काळजी नसते. ती वाजते म्हणून आपण झाकण उघडतो." आणि तो शेवटच्या झडपेकडे वळला. जाड पाते गेले नाही. त्याहून पातळ गेले नाही. सर्वांत पातळ पातेही अडकले. फट जवळजवळ उरलीच नव्हती. "ही बघ. ही अजिबात वाजत नव्हती. झडप मिटली की बैठकीला टेकते आणि अंगातली उष्णता तिथं सोडते. हिला टेकायलाच मिळत नाही. मग ही आतल्या आत जळत राहते. बाहेर आवाज येत नाही, वाटतं सगळं ठीक."

'सगळं ठीक' हे दोन शब्द त्याने अगदी फोनवरच्या सुरात उच्चारले, आणि आईचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला.

मी बॅटरी खाली ठेवली. विचारले, "नोकरी कशी आहे रे तुझी?"

तो बराच वेळ पाते पुसत राहिला. मग म्हणाला, "ऑक्टोबरमध्ये गेली."

त्या वेळी रात्रीचे आठ वाजून गेले होते. पण तिकडे जूनमध्ये नऊपर्यंत उजेड असतो. त्या लांबलेल्या उजेडात त्याने सगळे सांगितले. एका दिवसात बरीच माणसे कमी केली, त्यांत हा. घराचे हप्ते बायकोच्या पगारावर चाललेले. गाडीची दुरुस्ती विकण्यासाठीच. पट्टा नवा असला की गिऱ्हाईक चार पैसे जास्त देते. "आईला काय सांगू? तू तिकडे सगळं बघतोस. मी लांब बसून आणखी काळजी पाठवायची?"

मी मराठीचा प्राध्यापक. पण त्या वेळी मला एक धड वाक्य सुचले नाही. मी म्हटले, "आईनं ओळखलंय. ती म्हणत होती, तू हल्ली वाजत नाहीस." आई हे नेमके याच शब्दांत म्हणाली नव्हती, पण अर्थ बरोबर होता. तो हसला, आणि हसता हसता तेलकट मनगटाने त्याने डोळे पुसले.

रात्री त्याने पुण्याला फोन लावला. आईने सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "थालीपीठ लावलंस का?" मग मला म्हणाली, "आता मला झोप येईल."

पुढच्या आठवड्यात पातळ चकती आली, बसली. गाडी सुरू झाली. मी कान देऊन ऐकले आणि घाबरून म्हणालो, "अरे, थोडं टिकटिक वाजतंय!"

"एवढं वाजायलाच हवं," तो म्हणाला. मग त्याने टप मागे सारला आणि मला तळ्याकाठी फिरवून आणले. पद्मिनीत आम्ही दोघे कधी पुढच्या सीटवर शेजारी बसलो नव्हतो. ती जागा आईची.

गाडी ऑगस्टमध्ये विकली गेली. नोकरी अजून पक्की झालेली नाही. दोन ठिकाणी बोलणी चालू आहेत. मी परत आल्यापासून एक सवय मला लागली आहे. घरात कोणी "ठीक" म्हणाले की मी तेवढ्यावर उठून जात नाही, थोडा वेळ तिथेच बसतो. रविवारी फोन येतो. मुलाखत घेणारा गाढव होता, पेट्रोल महागले, दुधाला चव नाही, भाजणी संपली! आई फोन मोठ्या आवाजावर टाकते आणि ती कुरकुर ऐकत निवांतपणे भाजी निवडत बसते.