वेचायचं फळ

रसभरी तोडायची नसते. पिकली की ती आपणहून खाली पडते आणि आपण ती वेचायची असते. आंबा आढीत घालायचा, चिकू नखाने खरवडून बघायचा, फणसावर टिचकी मारून कानोसा घ्यायचा. परसातल्या बाकी सगळ्या फळांची पारख माणसाने करायची. रसभरीची वेळ मात्र तिची तीच ठरवते. सकाळी झाडाखाली वाळक्या गवताच्या रंगाच्या फुगीर पिशव्या पडलेल्या दिसतात, तेवढ्याच तयार. फांदीवर राहिलेल्यांना हात लावायचा नाही. मला हे झाड आवडतं ते आधी या कारणासाठी, चव त्यानंतर.

आमचं खांब रोहा तालुक्यात, मुंबई-गोवा महामार्गावर. सुकेळीची खिंड उतरून कोलाडकडे निघालं की लागतं. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यात भात सुखी असतो, रसभरी नाही. तिच्या मुळांना साचलेलं पाणी अजिबात सोसत नाही. ती मूळची दक्षिण अमेरिकेतल्या पेरूच्या डोंगराळ भागातली. उन्हाची ऊब आणि रात्रीचा गारवा दोन्ही हवे, तेही पाणी न तुंबणाऱ्या जमिनीत. असे दिवस आम्हाला दसऱ्यापासून शिमग्यापर्यंतच मिळतात. म्हणून गौरी-गणपती गेले, सरींचा जोर ओसरला की बी पेरायचं. भात कापून झाल्यावर लोक खाचरातल्या ओलीवर वाल टाकतात, तेव्हा आमच्या वाफ्यात रसभरीची रोपं वीतभर झालेली असावीत. एवढं वेळापत्रक जमलं की निम्मं काम झालं.

बी फार बारीक असतं. पिकलेलं फळ वाटीभर पाण्यात चुरडायचं, गर निथळून टाकायचा आणि तळाशी बसलेलं बी कागदावर सावलीत वाळवायचं. एका फळात शंभराच्या वर बिया निघतात, त्यामुळे दोन फळांचं बी अख्ख्या आळीला पुरतं. पेरताना ते चुलीतल्या राखेत मिसळावं, म्हणजे एका जागी दाट पडत नाही. फुटक्या माठाच्या बुडात माती, वाळू आणि जुनं शेणखत घालून मी ते टाकते आणि वरून मातीचा नुसता शिडकावा देते. मग दहा-पंधरा दिवस काहीच दिसत नाही. अधीर माणसं या दिवसांत माती उकरून बघतात. उकरू नये. नुसती ओल राखावी.

चार-सहा पानांची रोपं वाफ्यात दोन-दोन हातांवर लावायची. झाड कमरेएवढं होतं, पण उंचीपेक्षा पसरतंच जास्त. कारवीची काठी रोवून सैल बांधलं तर फांद्या मोडत नाहीत. खताचा हात आखडता हवा. शेणखत भारी झालं की झाड पानांनी माजतं आणि फुलं धरत नाही. एकदा फळं धरली की पाणीही बेताने, नाहीतर फळं पिशवीतल्या पिशवीत तडकतात. आणि वाफाभर भाताचा पेंढा अंथरायचा. तणासाठी तर तो हवाच, पण खरा उपयोग पुढे, फळं गळायला लागतात तेव्हा. ओल्या मातीवर पडलेलं फळ दोन दिवसांत बुरशी धरतं. पेंढ्यावर पडलेलं कोरडं राहतं.

फूल बघायचं तर वाकावं लागतं, कारण ते मान खाली घालूनच उमलतं. फिकट पिवळं, अंगठ्याच्या नखापेक्षा जरा मोठं आणि आत घशाशी पाच गडद तपकिरी ठिपके. पानं हृदयाच्या आकाराची, मखमालीसारखी लवदार. पाकळ्या गळल्या की खरी गंमत सुरू होते. वांग्याला किंवा टोमॅटोला फळ धरतं तेव्हा त्याचा हिरवा निदलपुंज देठाशी टोपी होऊन राहतो. रसभरीचा निदलपुंज फळाच्या पुढे धावतो. तो वाढतो, फुगतो आणि इवल्याशा फळाला चहूबाजूंनी वेढून टोकाशी मिटतो. फळ अजून मोहरीएवढं असतं आणि त्याचं घर मात्र बांधून तयार. ते घर हिरवं असेपर्यंत उन्हात अन्न तयार करून आतल्या फळाला पुरवतं. शिरांवर चिमटीने हलकेच दाबलं तर आत पोकळी कळते. उन्हाकडे धरलं तर फळाची गोल सावली दिसते. पुढे हिरवा रंग ओसरतो, कवच कागदी होतं आणि देठाशी सांधा सुटतो.

या कवचाचं वय विचारात पाडणारं आहे. अर्जेंटिनाच्या पॅटागोनिया भागात लागुना देल उंको नावाच्या जागी अशाच फुगीर कवचाचे जीवाश्म सापडले. ते ५ कोटी २० लाख वर्षांपूर्वीचे असल्याचं २०१७ साली प्रसिद्ध झालं. खडकावर शिरांची जाळी तशीच उमटलेली आहे. आमच्या पेंढ्याखाली राहून गेलेलं एखादं कवच महिन्याभराने सापडतं, तेव्हा त्याचाही मधला पापुद्रा कुजून गेलेला असतो आणि उरलेली असते ती तीच जाळी.

दक्षिण अमेरिकेतून ही रसभरी दक्षिण आफ्रिकेच्या केपमध्ये गेली. तिथे तिची लागवड झाली, म्हणून इंग्रजीत तिचं नाव केप गूजबेरी पडलं. आपल्याकडे महाबळेश्वर-पाचगणीला गूजबेरीचा जॅम मिळतो तो हिचाच. पण तिची धाकटी बहीण आमच्या बांधावर कुणी न लावताच उगवते. कोणी तिला चिरबोटी म्हणतं, कोणी रानटी रसभरी. फळ वाटाण्याएवढं, कवच तेवढंच डौलदार. भादव्यात बेणणी करताना ती तणाबरोबर उपटली जाते. पोरं मात्र तिच्या मिटलेल्या पिशव्या कपाळावर आपटून फटाफट फोडतात. मी बांधाच्या कडेला चार-दोन झाडं ठेवून देते. भाताला त्यांचा काही जाच नाही आणि पिकलेल्या फळाला आंबटगोड चव असते. पोरांना एकच गोष्ट बजावून सांगावी लागते, बांधावरच्या झाडाबाबतही आणि परसातल्याही: हिरवं फळ, पान, कवच यातलं काही तोंडात घालायचं नाही. ती बाधतात. पिवळंधमक आणि खाली पडलेलं तेवढंच खायचं.

रोगराई वांग्याचीच, कारण कूळ एक. ज्या वाफ्यात वांगी किंवा मिरच्या मरीने गेल्या, तिथे रसभरी लावू नये. उभं झाड दोन दिवसांत माना टाकतं. पानं खाणारे ठिपक्यांचे किडे सकाळी सुस्त असतात, तेव्हा हाताने वेचून मारावेत. काही नवीन दिसलंच तर रोह्याजवळ किल्ला गावात कृषी विज्ञान केंद्र आहे, पान घेऊन तिथे दाखवावं. महामार्गाच्या कामाची धूळ हा आमचा आणखी एक भोग. लवदार पानांवर ती घट्ट बसते, मग संध्याकाळी झारीने पानं धुवावी लागतात.

पानं धुताना मला हमखास चिंतामणराव देशमुख आठवतात. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर म्हणून त्यांना सगळे ओळखतात. पण रोह्यात बालपण गेलेल्या या माणसाने १९१७ साली केंब्रिजला वनस्पतिशास्त्रासाठीचं फ्रँक स्मार्ट पारितोषिक मिळवलं होतं. ते आमच्या पोरांना कोणी सांगत नाही. सांगायला हवं.

रसभरीचं हे गळून पडणं सगळ्यांना आवडत नाही. मोठ्या शेतीत वाकून एकेक फळ वेचणं परवडत नाही, झाडाचा पसाराही आवरत नाही. अमेरिकेत कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेतल्या झॅकरी लिपमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली तिच्याच एका भावंडाच्या जनुकांत नेमके बदल करून पसारा आटोपशीर केला, फळं थोडी मोठी केली. शेतकऱ्याचं पोट ज्या पिकावर आहे त्याला हे मिळावंच, माझी त्याला हरकत नाही. पण घरच्या परसात दहा झाडांसाठी ही सोय मला नको. वेचण्याच्या निमित्ताने रोज झाडाखाली वाकलं जातं, म्हणून कीड लवकर दिसते, उंदरांनी कुरतडलेलं कळतं, मुंग्यांची रांग सापडते. गळणारं फळच बागेकडे लक्ष ठेवायला लावतं.

पौष-माघात गावात पोपट्या लागतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी घालून भाजायची. शेंगांवर ताव मारून झाला की मी रसभरीची टोपली पुढे करते. कवच मागे सारलं की फळ चिकट लागतं. ते पदराने पुसून तोंडात टाकायचं. आधी आंबट, मग गोड आणि शेवटी बारीक बियांची कचकच. जी उरतील ती कवचासकट सुपात पसरून कोरड्या जागी ठेवली तर महिनाभर सहज टिकतात. चैत्राचा उकाडा वाढला की फुलं झडतात आणि झाडाचं संपत येतं. पावसाआधी ते उपटून खतात टाकावं. बी मागायला आलेल्यांना मी पुडीबरोबर तीनच गोष्टी सांगते: राखेत मिसळून पेरा, वांग्याच्या जागी लावू नका आणि वई नीट घाला, कोंबड्या तुमच्या आधी उठतात.